हिमयुगाची उलटतपासणी

हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? १९७९ साली अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या समितीने उत्तर दिलं: दीड ते साडेचार अंश सेल्सिअस. हा आकडा कसा आला, ते मोठं गमतीचं आहे. समितीपुढे स्युकुरो मानाबे आणि जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञांची हवामानाची संगणकी मॉडेलं होती. एकाचं उत्तर दोन अंशांच्या आसपास, दुसऱ्याचं चारच्या. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा अंश वाढवून पल्ला ठरला. पुढे संगणक कितीतरी पटींनी वेगवान झाले, नवे उपग्रह आले, आणि २०१३ च्या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) अहवालात पुन्हा तोच पल्ला छापून आला.

घोडं अडलं होतं ते मुख्यतः ढगांपाशी. जागतिक मॉडेलाचा एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. ढग त्याहून फार लहान. म्हणून ढगांचं वागणं सूत्रांत बसवावं लागतं आणि सूत्रांतले काही आकडे अंदाजाने ठरवावे लागतात. ते बरोबर आहेत की नाहीत, हे पाहायला तापमापकाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदी असतात. पण या काळात पृथ्वी जेमतेम सव्वा अंशाने तापली आणि त्यातही कारखान्यांच्या धुराने काही ताप झाकून ठेवला. एवढ्याशा बदलाशी भलती मॉडेलंही जुळून जातात. मोठा बदल तपासायचा तर मागे जावं लागतं, २१ हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात. तेव्हा हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड १९० च्या आसपास होता. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० होता, आज ४२० च्या वर आहे.

अमेरिकेतल्या बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्राचं एक नवं मॉडेल काही वर्षांपूर्वी सांगू लागलं, की कार्बन दुप्पट झाल्यावर पाच अंशांहून जास्त तापमानवाढ होईल. विसाव्या शतकाचं तापमान त्याने उत्तम जुळवलं होतं. मग त्याला हिमयुगात पाठवलं, तर पृथ्वी अकरा अंशांहून जास्त गारठली. प्रत्यक्ष पुरावे पाच ते सात अंश सांगतात. शोध घेता दोष सापडला तो ढगांतल्या बर्फकणांच्या हिशेबात. तो दुरुस्त झाल्यावर आकडा चारच्या जवळ उतरला. कुठल्याही तापमापकाने न मोजलेल्या थंडीने आजच्या ढगांमधली चूक पकडून दिली, हे मला आजच्या विज्ञानातल्या सुंदर घटनांपैकी एक वाटतं.

पण हे 'प्रत्यक्ष पुरावे' म्हणजे तरी काय? समुद्रतळाच्या गाळात फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचं सापडतात. कवचातलं मॅग्नेशियमचं प्रमाण पाण्याच्या उष्णतेबरोबर वाढतं, ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं गुणोत्तर बदलतं. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरबी समुद्राच्या गाळातली अशी कवचं सूक्ष्मदर्शकाखाली निवडली जातात. कवचावर तापमान लिहिलेलं नसतं. ते काढावं लागतं. आणि काढताना चूक होते.

भूतकाळाला न्यायाधीश मानणाऱ्यांनी म्हणूनच क्लायमॅपची गोष्ट लक्षात ठेवावी. १९७० च्या दशकातल्या या मोठ्या प्रकल्पाने कोणत्या जातीची कवचं कुठे किती मिळतात यावरून हिमयुगातल्या समुद्राचा नकाशा काढला. विषुववृत्ताजवळचा समुद्र त्यात जवळजवळ थंडच झाला नव्हता. पण त्याच पट्ट्यातल्या डोंगरांवर हिमरेषा सुमारे एक किलोमीटर खाली उतरल्याच्या खुणा होत्या. समुद्र उबदार आणि माथ्यावर एवढं बर्फ, हे मॉडेलांच्या गणितात बसेना. पुढे रासायनिक पद्धतींनी समुद्र बराच थंड होता असं दाखवलं. भूतकाळ साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचीही उलटतपासणी घ्यावी लागते. त्या वेळी ती मॉडेलांनी घेतली.

अशी दोन्ही बाजूंची तपासणी झाल्यावर पल्ला आखडला. २०२१ च्या सहाव्या आयपीसीसी अहवालात तो अडीच ते चार अंश असा आला. टोकाची मॉडेलं खाली आली ही बातमी अनेकांनी दिलासा म्हणून वाचली. माझ्या मते मोठी बातमी खालच्या टोकाची आहे. संवेदनशीलता, म्हणजे कार्बन दुप्पट झाल्यावरची तापमानवाढ, दीड अंशाइतकी कमी धरली, तर हिमयुगाची एवढी थंडी कुठून आली याचा हिशेब लावणं फार अवघड होतं. 'कदाचित फारसं काही होणार नाही' या वाक्याला जो शास्त्रीय आडोसा होता, तो बराचसा गेला.

पावसाच्या बाबतीत मात्र साक्ष अजून जुळलेली नाही. सहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात सूर्याची उष्णता आजच्यापेक्षा जास्त मिळत होती. सहारात तळी होती, गवत होतं, खडकांवर गुरांची चित्रं काढली जात होती. बहुतेक मॉडेलं मोसमी पाऊस उत्तरेकडे सरकवतात खरा, पण पुरेसा नाही. वाळवंटावर हिरवळ घातली, हवेतली धूळ कमी केली, की तो आणखी वर चढतो. म्हणजे जमीन आणि धूळ यांचं गणित कच्चं आहे. आपला मोसमी पाऊस याच कुळातला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं (आयआयटीएम) मॉडेलही त्याच सहाव्या अहवालासाठी झालेल्या जागतिक तुलनेत होतं. शतकाअखेर भारतातला मोसमी पाऊस वाढेल, असं बहुतेक मॉडेलं सांगतात. दिशा मला पटते. पण कुठल्या जिल्ह्यात किती टक्के, असा नकाशा समोर आला की मी आधी विचारतो, या मॉडेलाने सहारात पाऊस कुठवर नेला होता.