ऋषिऋण आणि शुल्क

परदेशी विद्यार्थ्याकडून विद्येचें मोल घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा नव्हे. युरोपीय संघाच्या परिघाबाहेरील विद्यार्थ्यांवर डेन्मार्कनें २००६ सालीं, स्वीडननें २०११ सालीं व नॉर्वेनें २०२३ सालीं शुल्क बसविलें. जो कर भरीत नाहीं त्यानें फुकट कां शिकावें, हा युक्तिवाद अन्याय्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. विनिमय-करारानें एका सत्रापुरता जाणारा विद्यार्थी मात्र या शुल्कांतून सुटतो. मग तो अनृणी झाला काय? आमच्या मतें, नाहीं. आणि शुल्क भरणाराही झाला नाहीं.

उप्सालास डिसेंबरांत तीन वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. तेथें ज्या अध्यापकास नुसत्या नांवानें हाक मारतांना आपल्याकडील मुलाची जीभ अडखळते, तोच त्यास ‘तुझें मत काय?’ असें विचारतो. स्वतःचें मत असण्याची ही जबाबदारी कोणत्या पावतीवर लिहावी? ऋषिऋण द्रव्यानें नव्हे, अध्ययनानें फिटतें असें आपल्या पूर्वजांनीं मानिलें. आणि अध्ययन पुढें दिल्यावांचून पुरें होत नाहीं. परत आल्यावर आपल्या कनिष्ठास जो तोच प्रश्न विचारील व उत्तर धीरानें ऐकून घेईल, त्यानेंच तें ऋण फेडिलें असें आम्ही समजूं.