चेहऱ्याची साक्ष

दुसऱ्याचं दुखणं खरं की नाही, हे आपण त्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. मुळात चेहऱ्याचे स्नायू हलवते ती मेंदूतून निघणारी सातवी नस. चेहऱ्याच्या वेदना मेंदूकडे नेते ती पाचवी, ट्रायजेमिनल. सोसणारी एक, दाखवणारी दुसरी.

भिलाईतल्या माझ्या मावशीची दाढ काढताना ही पाचवी नस दुखावली. जखम भरून सहा वर्षं झाली, तरी डिसेंबरच्या वाऱ्याची झुळूक गालाला लागली की कळ थेट कानापर्यंत जाते. आमच्या सेक्टरमधल्या लोकांनी कारखान्यात भाजलेले, चिरडलेले हात पाहिले आहेत. त्यांना वाऱ्याने दुखणारा गाल पटत नाही. डॉक्टरकडे जाताना ती पावडर लावायची बंद झाली. बरी दिसले तर कोण ऐकणार, म्हणते.

दुखणं जखमेच्या मापाने येत नाही, हे मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलं. खालून आलेली वर्दी चेतासंस्था जशीच्या तशी पुढे जाऊ देत नाही. मध्यमेंदूपासून खाली येणाऱ्या वाटा ती दाबतात, तशी चढवतातही. नस जायबंदी झाली की कधीकधी चढवणाऱ्याच वरचढ होतात.

‘म्हणजे मनाचंच!’ असं यावर कुणीतरी म्हणतंच. 1978 साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्यांना औषध नसलेलं औषध दिलं. काहींना आराम पडला. मग अफूजन्य औषधांचा असर मोडणारं नॅलॉक्झोन दिल्यावर त्यांचं दुखणं वाढलं. म्हणजे नुसत्या भरवशावर आलेला तो आरामही शरीरानेच, स्वतःच्या रसायनांनी घडवला असावा. ‘मनाचं’ म्हटल्याने दुखणं खोटं ठरत नाही.

खोटं बोलणारेही असतात, हे मान्य. रजेसाठी पोटदुखी काढणारे कुठल्या खात्यात नाहीत? रजा मंजूर करणाऱ्याने कागद मागावा, ते त्याचं काम. पण आम्ही घरचे काय मंजूर करत होतो? तिच्यावर विश्वास ठेवण्यात आमचं फार तर खिडकी लावायला उठणं जात होतं. न ठेवण्याची किंमत मात्र तीच भरत होती, आणि त्यातून गालाची कळ तसूभरही कमी होत नव्हती.