शिकारीचा परवाना

आमच्या गावचे एक चाचा आखातात पंचवीस वर्षे काढून कायमचे परत आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत अशी माणसे घरोघर आहेत. त्यांच्या पैशावर आमची घरे चिरेबंदी झाली, मुलींच्या शाळा निघाल्या आणि मशिदींना नवे मिनार चढले. चाचा तिथल्या एका मोठ्या घराण्याच्या मुदपाकखान्यात होते. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर ओट्यावर बसलो असताना ते अचानक म्हणाले, "तुम्ही लिहिणारी माणसं. मला एक सांगा. शिकारीच्या बक्षिसीतून मी हज केला. कबूल झाला असेल ना?"

आम्ही मुफ्ती नाही. कबूल होणे न होणे हे अल्लामियाँच्या दफ्तरातले काम, असे म्हणून सुटता आले असते. पण माणूस सत्तरीच्या घरात गेल्यावर असा प्रश्न विचारतो तेव्हा तो फतवा मागत नसतो. आम्ही म्हटले, "चाचा, आधी शिकारीचं सांगा."

मग त्यांनी जे सांगितले ते बहुतेक तयारीचेच होते. दर वर्षी पावसाळा सरला की वाड्यावर लगबग सुरू होई. शिकार पाकिस्तानात, सिंध-बलुचिस्तानच्या उजाड माळांवर. तंबू, सतरंज्या, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, वाळूत चालणाऱ्या मोटारी, डॉक्टर, वाटाडे, सगळ्यांच्या याद्या होत. चाचांकडे तांदूळ, तूप, मसाले आणि खजुरांची बांधाबांध. महिनाभर आधी माणसांची एक तुकडी पुढे जाई. तिथले सरकार परवाना देई, तो पाहुण्याच्या नावाने, ठरलेल्या जिल्ह्यापुरता. चाचा स्वतः कधी गेले नाहीत. हिंदी पासपोर्टवाल्याला त्या मुलखात कोण नेणार? आणि तो पासपोर्टही त्यांच्या हाती नव्हता, मालकाच्या तिजोरीत होता. कायद्याने असा पासपोर्ट ठेवून घेता येत नाही, तरी कित्येकांचे ठेवले जात. ससाण्यांचे मात्र पासपोर्ट होते. ही थट्टा नव्हे. संयुक्त अरब अमिरातीने २००२ पासून शिकारी ससाण्यांना पासपोर्ट देण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे चोरट्या व्यापारातले पक्षी ओळखता यावेत. हेतू चांगलाच आहे. विमानात ससाणा माणसांच्या डब्यात बसून जातो, डोळ्यांवर चामड्याची टोपी. त्या टोपीला अरबीत बुरका म्हणतात, हे आमच्या भगिनींना मुद्दाम सांगितले पाहिजे.

शिकार कशाची? तिलोर नावाच्या पक्ष्याची. इंग्रजीत त्याला हौबारा बस्टर्ड म्हणतात. आपल्या माळढोकाचा तो धाकटा भाऊबंद, वाळूच्या रंगाचा, धावणारा, लाजरा. कझाकस्तान, उझबेकिस्तान, मंगोलियाकडे त्याची वीण होते आणि थंडीत तो दक्षिणेकडे उतरतो. त्याला सीमा ठाऊक नाहीत. आज तो संकटग्रस्त पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. पूर्वी अरबस्तानातही तो भरपूर येई. मोटारी आणि तेलाचा पैसा आला, तिकडचा तिलोर संपत गेला आणि शिकारी त्याच्या मागे सीमा ओलांडून निघाले. त्याचे मांस शक्तिवर्धक असते अशी एक समजूत आहे. तिच्याविषयी न बोललेले बरे.

आपल्याकडेही हे पाहुणे येऊन गेले आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जैसलमेरकडे असा एक तळ पडला होता. तेव्हा राजस्थानात लोक रस्त्यावर आले, निसर्गप्रेमींनी आवाज उठवला, शिकार थांबवावी लागली. पुढे १९८० मध्ये जयपूरला या पक्षिकुळासाठी आंतरराष्ट्रीय परिसंवादही भरला. पाकिस्तानात तसे झाले नाही. तिथे तिलोर मारायला देशातल्या नागरिकाला बंदी आहे आणि परदेशी राजघराण्यांना खास परवाना. दहा दिवस, शंभर पक्षी, अशी मर्यादा कागदावर असते. २०१४ च्या जानेवारीत बलुचिस्तानच्या चागी भागात एका राजपुत्राच्या तळाने एकवीस दिवसांत सुमारे २,१०० तिलोर मारल्याचा वनखात्याचा अहवाल वृत्तपत्रात आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या शिकारीवर संपूर्ण बंदी घातली. जानेवारी २०१६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती चार विरुद्ध एक अशा मताने उठवली.

इथवर ऐकून वाचकाचे मत बनले असेल. आमचेही बनले होते. जीव करमणुकीसाठी मारणे वाईट, श्रीमंताने परमुलखात जाऊन मारणे अधिक वाईट, विषय संपला. पण विषय इतक्यावर संपत नाही.

पाकिस्तानातच दुसरी एक शिकार चालते, मारखोरची. मारखोर हा तिथला राष्ट्रीय पशू, पिळाच्या शिंगांचा डोंगरी बोकड. बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरात १९८०च्या दशकाच्या मध्यास ते शंभराच्या आत उरले होते. जमातीच्या पुढाऱ्यांनी ठरवले की गावकऱ्यांनी बंदुका खाली ठेवायच्या, त्यांच्यातूनच राखणदार नेमायचे आणि दर वर्षी मोजक्या म्हाताऱ्या नरांची शिकार परदेशी शिकाऱ्यांना विकायची. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने १९९७ मध्ये साऱ्या पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोरांची मुभा दिली, २००२ मध्ये बारांची. ऐंशी टक्के रक्कम गावाला, वीस टक्के सरकारला. शिकारी बहुधा अमेरिकेतून येतो. त्याला लिलावातून परवाना घ्यावा लागतो, बंदुकीची मंजुरी, शिंगे घरी नेण्यासाठी दोन्ही देशांचे दाखले, आणि डोंगर चढताना गावचा वाटाड्या सांगेल तोच बोकड टिपायचा. २०१९ मध्ये गिलगिटमध्ये एकाने एका मारखोरासाठी १,१०,००० डॉलर मोजले. २०२४ मध्ये चित्रालचा एक परवाना २,७१,००० डॉलरला गेला. आणि मारखोर वाढले. तोरघरातच ते हजाराच्या वर गेले. २०१५ मध्ये हा प्राणी धोक्यातल्या यादीतून दोन पायऱ्या खाली उतरवण्यात आला.

हे वाचून आम्ही गप्प झालो. ज्या पैशाचा आम्हाला तिटकारा, त्याच पैशाने कळप वाचला. आमच्या भूतदयेने एकही वाचला नसता. मांस गाव खातो, मुले शाळेत जातात. मेलेला एक म्हातारा नर आणि जगलेली शेकडो करडे, असा हिशोब कोणी पुढे टाकला तर काय उत्तर द्यावे? तिलोरच्या बाजूनेही हिशोब मांडला जातोच. शेखांनी रहीमयारखानला विमानतळ बांधला, इस्पितळ उभारले, अबूधाबीने तिलोरची पिंजऱ्यात पैदास करून पक्षी सोडले. दोन हिशोबांत फरक आहे, तो आम्हाला दिसतो. मारखोरचा मालक गाव आहे. नाही म्हणण्याचा अधिकार गावाजवळ आहे. तिलोरच्या माळावर राहणाऱ्या मेंढपाळाला कोणी विचारत नाही. त्याच्यासाठी जो गुन्हा, तो पाहुण्यासाठी मेजवानी. इस्पितळ ही खैरात आहे, खैरात घेणाऱ्याला अटी घालता येत नाहीत.

तरीही मूळ काटा राहतोच. गावाची संमती, वाढलेले कळप, सगळे मान्य केले तरी दहा हजार मैलांवरून मारण्यासाठीच येणारा माणूस योग्य वागतो का?

आमचे धर्मशास्त्र शिकारीला हराम म्हणत नाही. शिकवलेल्या ससाण्याने अल्लाचे नाव घेऊन धरलेले पाखरू हलाल, हे सूरह मायदामध्येच आहे. चाचांनीही हेच सांगितले. बर्फात घातलेले तिलोर परत येत, ते शिजवत, मालकाच्या ताटातून उरलेले खात. "बिस्मिल्ला म्हणून सोडलेला बाज, बिस्मिल्ला म्हणून कापलेलं पाखरू. हरकत काय?" ताटापुरती हरकत नाहीच. पण हदीसमध्ये एका चिमणीचीही गोष्ट येते, जी विनाकारण मारणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी फिर्याद करील. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्याची मनाई येते. म्हणजे पाखरू हलाल असूनही मारणारा आरोपी असू शकतो. आपल्या समाजात आपण हलाल-हरामवर थांबतो आणि त्यापुढचा प्रश्न विचारायचे सोडून देतो, ही आमची जुनी तक्रार आहे.

सालिम अलींचे उदाहरण आठवते. मुंबईच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका पाहून तो अडखळला: ही मुसलमानाने खावी की नाही? प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. प्रश्न खाण्याचा होता, उत्तर मिळाले पक्ष्याचे. पुढे याच माणसाने माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून आग्रह धरला. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आज माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे, आणि त्याला तर कोणा शेखाने मारले नाही. आपण नांगर, विहिरी आणि विजेच्या तारा घेऊन पोचलो तेवढे पुरे झाले.

मायदा सूरहमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिने आम्हाला सर्वांत जास्त विचारात पाडले. एहराम बांधला की जमिनीवरची शिकार मना. कोणी जाणूनबुजून मारलीच, तर दोन न्यायी माणसांनी ठरवावे की त्या जनावराच्या तोडीचे कोणते जनावर द्यायचे. नाहीतर गरिबांना जेवण किंवा रोजे. इथेही किंमत आहे. पण ती नंतर द्यायची, चूक झाली असे कबूल करून, आणि ठरवणारे दुसरे. परवान्याची रक्कम आधी भरली जाते. आधी भरलेली किंमत माणसाला हक्क देते, नंतर भरलेली किंमत त्याला खाली मान घालायला लावते. रक्कम सारखीच असेल, गावाची शाळाही सारखीच चालेल. पण बंदूक उचलणाऱ्याच्या मनात दोन अगदी निराळ्या गोष्टी घडतात. मारखोरच्या शिकाऱ्याला आम्ही गुन्हेगार म्हणणार नाही, गावाने पैसे घेऊ नयेत असेही म्हणणार नाही. तो बोकडाच्या शेजारी बसून हसत फोटो काढतो, तो फोटो मात्र आम्हाला पाहवत नाही.

हे सगळे चाचांना सांगितले नाही. एवढेच म्हटले, "तुम्ही भात शिजवलात, तांदूळ बांधलेत. तुमची मजुरी हलाल आहे."

"मजुरीचं मी विचारलंच नाही," चाचा म्हणाले. "पगार घरी पाठवायचो. बक्षिशी वेगळी. शिकार चांगली झाली की मिळायची. जास्त पाखरं, जास्त बक्षिशी. मी दुआ मागायचो, यंदा पाखरं भरपूर पडू देत. मग त्याच पैशांनी गेलो, मीकातला एहराम बांधला, आणि मुअल्लिम सांगत होता, इथून पुढे टोळसुद्धा मारायचा नाही."

आम्ही काही बोललो नाही. ते उठले, चपला शोधू लागले. सहरीला अजून चार तास होते.