वाचलेला वेळ कुणाचा?

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींतील मोठ्या कारखान्यांत भिंतीवर एक फलक हमखास आढळतो. कामगारांनी सुचविलेल्या लहानमोठ्या सुधारणा त्यावर लावलेल्या असतात. एका बाजूस 'पूर्वी', दुसऱ्या बाजूस 'नंतर' अशी छायाचित्रे असतात आणि वर ठळक अक्षरांत 'कायझेन' हा जपानी शब्द असतो. बदल करून चांगले करणे, असा त्याचा अर्थ. आपल्या वस्त्यांतील आयटीआय झालेले, पदविका घेतलेले, कंत्राटावर लागलेले कितीतरी तरुण या फलकाखाली दिवसभर उभे राहून काम करतात. यांपैकी जो तरुण विहारात येतो, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो, त्याच्यापुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. मालकाच्या कारखान्यात मन ओतून सुधारणा करणे हे धम्माचे आचरण आहे, की आपल्याच हातांनी आपली वेठ अधिक घट्ट करणे आहे?

काही मंडळी या प्रश्नाचे उत्तर फार स्वस्तात देतात. जपान बौद्ध राष्ट्र आहे, कायझेन जपानचे आहे, म्हणून कायझेन म्हणजे धम्मच, असे ती सांगतात. हा युक्तिवाद आपण स्वीकारता कामा नये. एखादी गोष्ट कोणत्या देशातून आली यावरून ती कुशल की अकुशल हे ठरत नाही. परंपरेने आले म्हणून किंवा थोरांनी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हाच तर कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आहे. तेव्हा आधी ही पद्धत काय आहे ते पाहू आणि मग ती पारखू.

या पद्धतीचे मूळ एका मागात आहे. साकिची टोयोडा या जपानी कारागिराने १९२४ साली पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. दोष झाकून कापड पुढे विणत राहायचे नाही, दोष दिसताक्षणी थांबायचे, हे तत्त्व त्यातून निघाले. पुढे त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात ताइइची ओनो या अभियंत्याने ते सर्व कामाला लावले. दोष दिसल्यास कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी, दिवा लागावा, मुकादमाने धावत यावे आणि गरज पडल्यास सर्व रांग थांबावी. ओनोने अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, निष्कारण वाहतूक, निष्कारण प्रक्रिया, साठा, निष्कारण हालचाल आणि सदोष माल. दोषाच्या मुळाशी जाण्यासाठी 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारावा, असा त्याचा आग्रह होता. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग १९५० साली जपानात व्याख्याने देऊन गेला. त्याचेही म्हणणे हेच होते, की बहुतेक दोष कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात आणि ती सुधारण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. हीच पद्धत पुढे 'लीन' या नावाने जगभर गेली.

आता धम्माकडे वळू. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे चार भाग आहेत. न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले अकुशल टाकून देणे, न उपजलेले कुशल उपजविणे आणि उपजलेले कुशल टिकवून वाढविणे. पालीत यांना संवर, पहान, भावना आणि अनुरक्खणा असे म्हणतात. दोष होऊ न देणे, झालेला दोष काढणे, नवी चांगली रीत आणणे आणि आलेली रीत टिकविणे, हीच कारखान्यातील सुधारणेचीही चार अंगे होत. अपव्ययाविषयी विनयपिटकात आनंदाची कथा आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. जुन्या चीवरांची आच्छादने करू, जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, त्यांच्या पुढे जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झाडपुसणी आणि अखेर चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे चीवरे दिली. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघ पवारणा करीत असे. प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघाला विनवीत असे, की माझ्यात काही दोष दिसला, ऐकला वा शंका आली असेल तर सांगा. ज्येष्ठाचा दोष दाखविण्याचा अधिकार कनिष्ठास देणारी ही प्रथा ज्या देशात जन्मली त्याच देशात पुढे मनुस्मृतीचा अंमल आला, हे विसरू नये.

येथपर्यंत साम्य आहे आणि ते वरवरचे नाही. या साम्यातून आपल्याला एक शस्त्रही मिळते. अमेरिकेत फ्रीमाँट येथे एका मोटार कंपनीचा कारखाना होता. तेथील कामगार बेशिस्त, गैरहजर आणि दारुडे म्हणून बदनाम होते. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली जपानी कंपनीशी भागी करून तो नव्याने उघडला, तेव्हा जुन्यांतीलच बहुसंख्य कामगार परत घेतले गेले. त्यांची संघटनाही तीच राहिली. बदलली ती व्यवस्था. दोरी ओढण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला आणि थोड्याच काळात तेथील मोटारी जपानातील मोटारींच्या बरोबरीच्या निघू लागल्या. माणसे तीच, रक्त तेच, फळ मात्र वेगळे! गुण जन्मावर ठरतात असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. मनुष्य घडतो तो त्याला मिळालेल्या परिस्थितीने आणि अधिकाराने, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितले. मोटारीच्या कारखान्यातही तेच सिद्ध झाले.

याच्या उलट आपल्या गिरण्यांत काय झाले ते पाहा. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. पगार तेथे जास्त होता, आणि आपली माणसे मात्र रिंग खात्यात आणि कमी मजुरीच्या कामावर. कारण काय सांगत? धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगारास चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे कामगार पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी स्वीकारली. लक्षात घ्या, तोंडाने धागा ओढणे हे सर्वांच्याच आरोग्यास घातक होते. तोंड न लावता ओवता येणारा धोटा अमेरिकेतील नॉर्थ्रॉप मागात १८९४ पासून होता. साकिची टोयोडाचा माग धोटा आपोआप बदलत होता. म्हणजे दोष यंत्राचा होता आणि त्यावर यांत्रिक उपायही होता. परंतु आपल्याकडे त्या दोषातून विटाळ निर्माण झाला. जेथे जात असते तेथे 'का?' हा प्रश्न पहिल्याच पायरीवर थांबतो, कारण त्याचे उत्तर आधीच शास्त्रात लिहून ठेवलेले असते. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची वाटणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. अशी वाटणी झालेल्या समाजात काम करणारा विचार करीत नाही आणि विचार करणारा कामाला हात लावीत नाही. मग सुधारणा व्हावी कशी?

असे असले तरी दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. सातोशी कामाता हा जपानी पत्रकार १९७२ साली टोयोटाच्या कारखान्यात हंगामी कामगार म्हणून राहिला आणि तेथील रांगेचा वेग माणसाला कसा पिळून काढतो ते त्याने १९७३ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. २००२ साली त्याच कंपनीतील तीस वर्षांचा एक कामगार रात्रपाळीत कोसळून मरण पावला. कामानंतर थांबून गुणवत्ता मंडळाचे काम तो करीत असे. ते काम स्वेच्छेचे समजले जाई आणि मृत्यूचे कारण ठरविताना ते तास धरले गेले नव्हते. त्याच्या पत्नीने न्यायालयात दाद मागितली. २००७ साली नागोया येथील न्यायालयाने निकाल दिला, की हे तासही कामाचेच तास होत आणि हा मृत्यू अतिश्रमाचा होय.

म्हणजे अपव्यय काढता काढता माणसाचा श्वास घेण्याचा अवधीही अपव्ययात धरला जाऊ शकतो. हात रिकामा राहिलेला क्षण मालकाच्या वहीत तोटा असतो. कामगाराच्या देहाला तो विसावा असतो. जपानी पद्धतीतही 'मुदा' म्हणजे अपव्यय याच्या जोडीला 'मुरी' म्हणजे झेपणार नाही असा भार हा दोष सांगितला आहे. परंतु फलकावर पहिला शब्द मोठा असतो आणि दुसरा बहुधा नसतोच.

तेव्हा कसोटी कोणती? ती सिगालोवाद सुत्तात आहे. मालकाने सेवकाशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये भगवंतांनी तेथे सांगितली : शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, मिळालेल्या चांगल्या पदार्थात वाटा देणे आणि वेळेवर सुटी देणे. यात पहिले कर्तव्य शक्ती पाहून काम देण्याचे आणि शेवटचे विसाव्याचे आहे. सेवकाने काम उत्तम करावे, हेही त्याच सुत्तात आहे, परंतु ते एकतर्फी नाही. एकतर्फी कर्तव्य ही मनूची रीत, परस्पर कर्तव्य ही बुद्धाची.

विसाव्याचे मोल बाबासाहेबांनी नेमके जाणले होते. यंत्राचा धिक्कार करणाऱ्या विचारास त्यांनी विरोध केला तो याचसाठी. यंत्राने उसंत मिळते आणि उसंत मिळाली तरच माणूस पशुपातळीवरून वर येऊन संस्कृतीकडे वळतो. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्याच काळातील. वाचलेले सहा तास त्यांनी मालकाच्या तिजोरीत नव्हे, कामगाराच्या पदरात टाकले.

म्हणून माझ्या तरुण धम्मबांधवांना मी तीन प्रश्न विचारावयास सांगेन. पहिला, मला दोरी ओढता येते काय, म्हणजे दोष दाखविल्यास माझी नोकरी शाबूत राहते काय? कंत्राटी कामगाराच्या हाती दोरी दिली आणि दर महिन्यास त्याचे कंत्राट टांगते ठेवले, तर ती दोरी नुसती शोभेची. दुसरा, माझ्या सुधारणेमुळे कुणा सोबत्याची भाकरी जाते काय? १९५० साली त्या जपानी कंपनीतही दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी जावे लागले होते. ओनोची पद्धत तेथे रुजली ती पुढे नोकरीची हमी आल्यावर. तिसरा, वाचलेला वेळ कुणाचा? तो कामगाराच्या विसाव्याला, शिक्षणाला, वेतनाला काही प्रमाणात तरी मिळतो काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी किंवा समाधानकारक असतील तर मन लावून सुधारणा करा, तो सम्यक व्यायामच आहे. नसतील तर काम चोख करा, कारण कामचुकारपणाने शील बिघडते ते आपलेच. परंतु त्याचबरोबर संघटना बांधा आणि व्यवस्थेच्या दोषाकडे बोट दाखवा. तीही सुधारणाच आहे, किंबहुना पहिली सुधारणा तीच आहे.

आता अखेरचा एक दोष या पद्धतीनेच तपासून पाहू. गटारात उतरून माणूस मेला. का? विषारी वायूने. तो आत का उतरला? यंत्र आणले नव्हते म्हणून. यंत्र का आणले नाही? माणूस स्वस्त पडतो म्हणून. माणूस स्वस्त का? कारण त्या कामाला एकाच समाजातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिळत आली. ती का मिळत आली? जातीने त्यांना दुसरे दार ठेवले नाही म्हणून. पाच प्रश्नांत आपण वायूपासून जातीपर्यंत येऊन पोहोचलो! २०१३ साली कायदा झाला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसास १० लाख रुपये भरपाई ठरविली, २०२३ साली ती ३० लाख केली. केरळातील तरुण अभियंत्यांनी बनविलेले गटार साफ करणारे यंत्र २०१८ सालीच तिरुवनंतपुरम येथे वापरात आले. उपाय आहे, कायदा आहे, आणि तरीही माणसे उतरतात व मरतात. ज्या देशात मोटारीचा एक खिळा सैल राहिला तर रांग थांबते, त्या देशात माणूस मेला तर काही थांबत नाही.

दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण काढले की दुःख जाते, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. कारण वरवरचे काढून भागत नाही. ते मुळाशी जाऊन काढावे लागते. कारखान्याने हे तत्त्व मोटारीसाठी वापरले, आपण ते माणसासाठी वापरावयाचे आहे. आपली धम्मक्रांती म्हणजे दुसरे काय? १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी दोष ओळखला, दोरी ओढली आणि शतकानुशतके चालत आलेली रांग थांबविली. आता ती नव्याने, नीट, सर्वांना झेपेल अशी चालू करणे हे आपले काम आहे. ते रोज थोडे थोडे करावे लागेल.

भवतु सब्ब मंगलं!