दुकानातून वर्गात

शिरूर कासारच्या एका व्यापाऱ्याने परवा एकादशीला आम्हांस गाठले. म्हणाले, "महाराज, तीस वर्षं धंदा केला. आता विद्यापीठात शिकवायला बोलावताहेत. पैसे घ्यावेत का? अन् पोरांना द्यावं तरी काय?"

अशी वाट आता झाली आहे खरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली नियम केला की, आपल्या क्षेत्रात निदान १५ वर्षे, शक्यतो वरच्या जागी, काम केलेल्यास पदवीची अट न घालता प्राध्यापकाचे काम देता यावे. मुदत ३ वर्षांपर्यंत, फार तर ४. वेतन न घेता मानसेवेचीही सोय आहे.

सज्जनहो, श्रीतुकोबारायही वाणीच. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला आणि दुकान बुडाले. पुढे त्यांनी येण्याच्या खतांचे दोन वाटे केले, असे परंपरा सांगते. आपला वाटा इंद्रायणीत टाकला. भावाचा भावाच्या हाती दिला. आपण बुडवणे तेवढे आठवतो, देणे विसरतो!

वर्गात जाणाऱ्या व्यापाऱ्यानेही असेच दोन वाटे करावेत. "मी एवढं कमावलं, मला मान द्या," हे त्याचे स्वतःचे येणे. ते खुशाल बुडवावे. पण वेळेवर तास, पुरता अभ्यासक्रम, निःपक्ष गुण हा पोरांचा वाटा. तो बुडवण्याचा अधिकार आपला नव्हे. मानसेवा आहे म्हणून तास चुकवणे हा दानधर्म नसून चोरीच होय.

कीर्तनाचे मोल घेऊ नये, कारण नाम विकण्याची वस्तू नाही. वर्गात मात्र श्रमाचे वेतन आहे. प्रपंचास गरज असेल तर घ्यावे, नसेल तर सोडावे. माप दोन्हीकडे पुरेच द्यावे.

आणि द्यावे काय? उत्तर गावाच्या नावातच आहे. कासाराकडचे भांडे गिऱ्हाईक बोटाने वाजवून घेते. चीर असली की आवाज बद्द येतो. बाजारात आपण आपली चीर झाकतो. वर्गात ती आपणच वाजवून दाखवावी: इथे हिशेब चुकला, इथे लोभ झाला, इथे दुसऱ्याचे नुकसान करून मी नफा घेतला. यशाच्या गोष्टी पोरांना कुठेही ऐकायला मिळतील.

ते गृहस्थ म्हणाले, "महाराज, हे अवघड आहे."

"अवघड खरंच. पण गळ्यात माळ घातली, तेव्हा खरं बोलायचं कबूल केलंच होतं की!"

रामकृष्णहरि.