वाटेवरचे गाव

वन्य पशू पाहावयास निघालेला प्रवासी वाटेवरच्या गावाचे काही देणे लागतो काय? पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीचे सिंह जगास ठाऊक आहेत. त्यांच्या शेजारच्या मुगुमू गावाचे नाव कोण घेतो? आमच्या ब्रह्मपुरीचेही तसेच आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, व आज तेथे दूरदूरचे लोक वाघ पाहावयास येतात. परंतु ब्रह्मपुरीच्या रानातील पुष्कळ वाघ कोणत्याही उद्यानात नसून धानाच्या बांध्यांलगत राहतात.

कोणी म्हणेल, प्रवाशाने शुल्क भरले, देणे फिटले. हे मला पटत नाही. शुल्काने गाडीतील जागा मिळते, इतकेच. वाघ जगावा म्हणून जे भय सोसावे लागते, ते चैत्रात मोहफुले वेचणारी व वैशाखात तेंदूची पाने तोडणारी बाई सोसते. तेंदूची झुडुपे ठेंगणी, म्हणून तिला वाकावे लागते. आणि वाकलेला मनुष्य वाघास चतुष्पादासारखा भासतो, असे जाणते सांगतात. ७० पानांचा पुडा बांधावा तेव्हा थोडे पैसे. बैल मारला गेल्यास पंचनामा होऊन सरकारी भरपाई मिळते. भयाचा पंचनामा कोण करणार?

म्हणून प्रवाशाने येथे निदान एक रात्र मुक्काम करावा. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. त्या मंडपात बसावे, आणि शेजारी बसलेल्यास विचारावे, “दादा, घरी कोणत्या वाटेने जाणार?”