पाणी हाही गुरू

अवधूतांच्या चोवीस गुरूंत पाणीही आहे. स्वतः निर्मळ राहून ते दुसऱ्याला निर्मळ करतं. पण शिष्यानंच गुरूला मळवलं तर?

मी कोल्हापूरचा. पौर्णिमेला नृसिंहवाडीला जातो. एकदा संगमावर तीर्थाची ओंजळ तोंडाशी नेताना हात थबकला. ही पंचगंगा प्रयाग चिखलीहून निघते आणि आमच्या शहराजवळून इथं कृष्णामाईला भेटते. म्हणजे माझ्या मोरीचं पाणीही इथंच येणार! वर घाण सोडायची आणि खाली येऊन तेच तीर्थ म्हणून मागायचं, ही कसली भक्ती?

जयंती नाल्याचं सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात नेतात. क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर. दुधाळीलाही १७ दशलक्ष लिटरचं केंद्र आहे. तिथं जाळीत कचरा अडतो, वाळू खाली बसते, हवा मिळाली की जिवाणू मैला खातात, गाळ तळाला जातो आणि वरचं पाणी निवळतं. तिथं रात्रपाळी करणाऱ्याची सेवा मला पूजेहून कमी वाटत नाही.

पण केंद्र आहे म्हणून मी मोकळा झालो का? जिवाणू प्लास्टिक खात नाहीत. जोराच्या पावसात नाला ओसंडला की पाणी थेट नदीत जातं. शिवाय वाडीच्या खालीही गावं आहेत. कृष्णा पुढं कर्नाटकात जाते. तिथंही कुणीतरी ओंजळ भरतंच की.

तेव्हापासून मी तेल मोरीत ओतत नाही, निर्माल्य नदीत सोडत नाही. सेवा एवढीशीच. पण आता ओंजळ धरताना मान थोडी कमी खाली जाते.

श्रीगुरुदेव दत्त!